आधी नमुना, मग इंजेक्शन

रुग्ण ज्या आजारासाठी रुग्णालयात दाखल झाला, तो आजार बरा होत आलेला असतो. ऑपरेशन नीट पार पडलेले असते, किंवा पॅरालिसिसच्या झटक्यातून माणूस हळूहळू सावरत असतो. घरी सोडण्याच्या गोष्टी सुरू झालेल्या असतात. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो. डॉक्टर तपासतात, औषध बदलायचे ठरते आणि नातेवाइकांच्या हातात एक चिठ्ठी येते : ब्लड कल्चर, युरिन कल्चर. मग कुरकुर सुरू होते. "रक्त तर कालच काढलं होतं. पुन्हा कशाला? रिपोर्ट तीन दिवसांनी येणार, तोपर्यंत त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा एखादं भारी इंजेक्शन सुरू करा ना!"

आजचा लेख या चिठ्ठीच्या बाजूने आहे. रुग्णालयात झालेल्या जंतुसंसर्गात कल्चर ही जादाची तपासणी नाही, तो उपचाराचाच पहिला भाग आहे. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी नमुना घेतला गेला पाहिजे आणि रिपोर्ट आल्यावर त्याप्रमाणे औषध बदलले गेले पाहिजे. या दोनपैकी एकही गोष्ट सुटली, तर आपण रुग्णाच्या जिवावर अंदाज बांधत बसतो. हे माझे मत आहे. ते का, ते पुढे वाचा.

रुग्णालयातला संसर्ग कशाला म्हणायचे?

दाखल होताना जो संसर्ग रुग्णाच्या शरीरात नव्हता आणि दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनंतर दिसू लागला, त्याला रुग्णालयातला संसर्ग म्हणतात. ऑपरेशनच्या जखमेच्या बाबतीत ही मुदत मोठी असते. घरी गेल्यावरही ३० दिवसांच्या आत जखम चिघळली तर ती याच प्रकारात मोडते. कृत्रिम सांध्यासारखी वस्तू शरीरात बसवली असेल, तर ९० दिवसांपर्यंतही लक्ष ठेवावे लागते.

हे जंतू शरीरात शिरतात ते मुख्यतः चार वाटांनी. लघवीची नळी, मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली लाईन, व्हेंटिलेटरची श्वासनलिकेतली नळी आणि ऑपरेशनची जखम. आपली त्वचा, खोकल्याची उबळ, लघवीचा जोर ही शरीराची राखणदार मंडळी असतात. नळी घातली की त्यांना बगल मिळते. लघवीची नळी आत असेल, तर लघवीत जंतू सापडण्याची शक्यता दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. म्हणूनच गरज संपली की नळी त्याच दिवशी काढायची असते, "राहू दे अजून दोन दिवस" असे म्हणायचे नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. संसर्ग झालेल्या दर दहापैकी एकाचा त्यात मृत्यू होतो. त्याच अहवालात असेही म्हटले आहे, की हातांची स्वच्छता आणि इतर साध्या उपायांनी यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात. म्हणजे पहिला उपाय स्वच्छ हात हाच. पण एवढे करूनही संसर्ग झालाच तर काय, हा आजचा विषय आहे.

ताप एकच, जंतू वेगळे

समजा, एकाच आयसीयूत शेजारी शेजारी तीन रुग्ण आहेत. तिघांनाही सहाव्या दिवशी १०२ ताप आला. तिघांच्याही पांढऱ्या पेशी वाढल्या. बाहेरून पाहिले तर तिघांचे चित्र सारखेच. आता कल्चरचे रिपोर्ट पाहू.

पहिल्या रुग्णाच्या लघवीत आणि रक्तात ई. कोलाय हा जंतू निघाला. सेन्सिटिव्हिटीत एक साधे, जुने औषधही चालते असे दिसले. लघवीची नळी काढली किंवा बदलली, रुग्णाने उपचाराला चांगला प्रतिसाद दिला, तर अशा संसर्गाला बहुतेक वेळा ७ दिवसांचा उपचार पुरतो.

दुसऱ्याच्या रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. हा जंतू हृदयाच्या झडपांवर, मणक्यांत, सांध्यांत जाऊन ठाण मांडतो. इथे ७ दिवसांत औषध थांबवणे धोक्याचे आहे. किमान १४ दिवस, आणि गुंतागुंत असेल तर चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते. रक्त स्वच्छ झाले की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करावे लागते, हृदयाची इको तपासणी करावी लागते.

तिसऱ्याच्या रक्तात कॅन्डिडा ही बुरशी निघाली. बुरशीवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. कितीही भारी इंजेक्शन दिले तरी नाही. इथे बुरशीविरोधी औषध लागते, शिरेतली लाईन शक्य तितक्या लवकर काढावी लागते, आणि डोळ्यांच्या पडद्यापर्यंत बुरशी पोहोचली नाही ना हे नेत्रतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे लागते.

आता कल्चर केलेच नसते तर? तिघांनाही तेच "भारी" इंजेक्शन सुरू झाले असते. पहिल्याला गरजेपेक्षा जड औषध, दुसऱ्याला कदाचित अपुरे आणि तिसऱ्याला चुकीचे. शिवाय, रुग्णालयातला प्रत्येक ताप संसर्गाचा नसतोच. पायातल्या शिरेत झालेली गुठळी, सलाईनच्या जागी सुजलेली शीर, एखाद्या औषधाची रिॲक्शन यांनीही ताप येतो. अशा वेळी एकामागून एक अँटिबायोटिक बदलत राहणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे.

नमुना आधीच का?

अँटिबायोटिकचा एक डोस गेला तरी रक्तातले जंतू अर्धमेले होऊ लागतात. ते रुग्णाला बरे करायला पुरेसे नसते, पण बाटलीत जंतू वाढू न देण्याइतके मात्र असते. गंभीर सेप्सिसच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच रुग्णांचे रक्त औषधाच्या आधी आणि औषध दिल्यावर थोड्याच वेळात असे दोनदा तपासले. आधी घेतलेल्या रक्तात सुमारे ३१ टक्के रुग्णांमध्ये जंतू सापडले, नंतरच्या रक्तात फक्त सुमारे १९ टक्के. थोडक्यात, आधी दिसलेला जंतू कित्येकांत डोसनंतर दिसेनासा झाला. तो शरीरातून गेला असे नाही. फक्त आपल्याला त्याचे नाव कळण्याची संधी गेली.

इथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. "आधी नमुना" याचा अर्थ "रिपोर्ट येईपर्यंत थांबा" असा मुळीच नाही. सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला पहिला डोस एका तासाच्या आत गेला पाहिजे, असे जगभरातले मार्गदर्शक नियम सांगतात. रक्त काढायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ जवळजवळ नेहमीच असतो. पण काही कारणाने नमुना घ्यायला उशीर होत असेल, तर औषध अडवून ठेवायचे नाही. आधी जीव, मग निदान.

तीन दिवस लागतात, ते कशाला?

रक्त ज्या बाटल्यांत घेतात, त्यांत जंतूंसाठी खाऊ असतो. बाटल्या शरीराइतक्या उबेच्या मशीनमध्ये ठेवतात. जंतू वाढले की ते कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मशीन इशारा देते. बहुतेक गंभीर संसर्गांत हा इशारा पहिल्या एक-दोन दिवसांतच येतो. इशारा आला की बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम स्टेन करतात. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रंगाची पद्धत आजही तितकीच कामाची आहे. काही मिनिटांत कळते, की जंतू गोल आहेत की लांबट, जांभळे की गुलाबी, की ती बुरशीच आहे. एवढ्या माहितीवरही औषध योग्य दिशेने वळवता येते. त्यानंतर जंतूचे नेमके नाव आणि कोणते औषध त्याला मारते याची सेन्सिटिव्हिटी, यासाठी साधारण आणखी एक ते दोन दिवस लागतात.

म्हणून "रिपोर्ट तीन दिवसांनी येतो" हे अर्धेच खरे आहे. पहिली बातमी बहुधा त्याआधीच येते. प्रश्न असतो तो ती बातमी प्रयोगशाळेतून डॉक्टरांपर्यंत लगेच फोनने पोहोचते का, हा. रक्तात जंतू निघाल्याचा रिपोर्ट छापील कागदाची वाट पाहत टेबलावर पडून राहता कामा नये.

एवढे रक्त का काढतात?

हा प्रश्न नेहमी येतो. प्रौढ माणसाकडून दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागते आणि दोन वेगळ्या जागांवरून घ्यावे लागते. कारण रक्तात संसर्ग असला तरी जंतू फार थोडे असतात, कधी कधी एक मिली रक्तात एखादाच. दोन मिली रक्तात तो हाती लागेलच असे नाही. दोन जागा यासाठी, की त्वचेवरचा एखादा निरुपद्रवी जंतू सुईबरोबर बाटलीत गेला तर ओळखू यावा. तो दोनपैकी एकाच ठिकाणी सापडला तर बहुधा त्वचेवरचा. दोन्हीकडे सापडला तर रक्तातलाच असण्याची शक्यता जास्त.

नमुना चांगला नसेल तर रिपोर्टही भलताच येतो. लघवी पिशवीतून नव्हे, तर नळीच्या ठरावीक जागेवरून सुईने घ्यायची असते. बेडका म्हणून थुंकी पाठवून चालत नाही. जखमेच्या वरवर बोळा फिरवण्यापेक्षा आतला पू किंवा ऊतीचा तुकडा कधीही चांगला. लघवी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवायची. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या मात्र फ्रिजमध्ये कधीच ठेवायच्या नाहीत.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि पुढे एस, आय, आर अशी इंग्रजी अक्षरे असतात. एस म्हणजे औषध लागू पडते, आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, आय म्हणजे मधली स्थिती, जिथे डोस वाढवून किंवा विशिष्ट अवयवातच उपयोग होऊ शकतो. काही रिपोर्टवर एमआयसीचे आकडेही असतात. अनेक नातेवाईक त्यातला सर्वांत लहान आकडा शोधून म्हणतात, "डॉक्टर, हे औषध सगळ्यात चांगलं दिसतंय." तसे नसते. प्रत्येक औषधाची फूटपट्टी वेगळी. एका औषधाचा १ हा आकडा दुसऱ्याच्या ४ पेक्षा चांगला असेलच असे नाही. शिवाय औषध निवडताना मूत्रपिंड कसे आहे, संसर्ग फुप्फुसात आहे की मेंदूत, हेही पाहावे लागते.

आणि रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणजे औषध हवेच, असेही नाही. नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू सापडले, पण ताप नाही, त्रास नाही, तर बहुतेक वेळा औषध द्यायचे नसते. ते जंतू तिथे फक्त मुक्कामाला असतात. तपासणी वेळेवर हवी, तशी ती योग्य रुग्णाची आणि योग्य कारणासाठीही हवी.

"भारी इंजेक्शनच द्या" याची किंमत

पहिल्या दिवशी जंतूचे नाव माहीत नसते, तेव्हा अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारे औषध सुरू करणे योग्यच आहे. खटकते ते पुढचे. नमुना न घेताच सुरू केलेले औषध थांबवायला नंतर कोणाचाच धीर होत नाही. ताप उतरला तर "याच्यामुळेच उतरला" म्हणून ते चालू राहते, नाही उतरला तर त्यावर आणखी एक चढते. कोलिस्टिनसारखी शेवटच्या फळीतली औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. जड अँटिबायोटिकने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील नावाच्या जंतूमुळे गंभीर जुलाब होऊ शकतात. अशी इंजेक्शने दहा-बारा दिवस चालली की त्यांचे बिल कल्चरच्या खर्चाच्या कितीतरी पट होते. तपासणीत वाचवलेले पैसे मेडिकलच्या काउंटरवर दामदुपटीने जातात.

दुसरी किंमत सगळ्यांनी मिळून मोजायची आहे. जंतू औषधांना सरावतात. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर या जंतूंनी मेरोपेनेमसारख्या औषधांनाही दाद देणे मोठ्या प्रमाणावर बंद केले आहे. आज आपल्या माणसाला विनाकारण दिलेले शेवटच्या फळीतले औषध उद्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला चालेनासे होते. परवा कदाचित आपल्याच माणसाला.

कल्चर मर्यादित आहे, हेही मान्य करायला हवे. सेप्सिसच्या बऱ्याच रुग्णांत रक्ताचे कल्चर निर्जंतुक येते. म्हणून ते फुकट गेले का? नाही. नमुना नीट आणि औषधाच्या आधी घेतलेला असेल, रुग्ण सुधारत असेल, तर जंतू न निघणे हेही काही औषधे कमी करण्याचे, थांबवण्याचे भक्कम कारण असते. ज्या डॉक्टरांकडे रिपोर्टच नाही, त्यांच्याकडे थांबवण्याचा आधारही नाही.

जबाबदारी फक्त नातेवाइकांची नाही

सगळा दोष रुग्णांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या ठिकाणी अनेक लहान रुग्णालयांत आयसीयू आहे, व्हेंटिलेटर आहे, पण सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा नाही. नमुना जिल्ह्याच्या गावी जातो, तोही दिवसातून एकदा. शनिवारी रात्री ताप आला तर बाटली सोमवारी निघते. मला वाटते, ज्या रुग्णालयाला व्हेंटिलेटर चालवायचा आहे, त्याने चोवीस तास कल्चर घेण्याची आणि ते वेळेत पोहोचवण्याची सोय दाखवलीच पाहिजे. स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर जवळच्या प्रयोगशाळेशी करार करावा. कल्चरच्या बाटल्या रात्री दोन वाजताही वॉर्डात हाताशी हव्यात. आणि आपल्या रुग्णालयात कोणते जंतू निघतात, त्यांना कोणती औषधे लागू पडतात, याचा आढावा दर वर्षी घेतला पाहिजे. असा आढावा असला की पहिल्या दिवशीचा अंदाजही डोळस होतो.

तुम्ही काय करू शकता?

डॉक्टरांशी भांडायची गरज नाही. शांतपणे विचारलेले काही प्रश्न पुरतात.

१. नवीन अँटिबायोटिक सुरू होत असेल तर विचारा : "पहिल्या डोसच्या आधी कल्चर घेतलं आहे का?"

२. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारा : "कल्चरचा प्राथमिक रिपोर्ट आला का? त्याप्रमाणे औषध बदलायचं किंवा कमी करायचं आहे का?"

३. "लघवीची नळी, शिरेतली लाईन अजून लागणार आहे का?" हे रोज विचारायला हरकत नाही.

४. दुसऱ्या रुग्णालयात हलवताना आधीचे सर्व कल्चर रिपोर्ट आणि दिलेल्या अँटिबायोटिकची तारखांसह यादी बरोबर घ्या. रिपोर्ट बाकी असेल तर प्रयोगशाळेचा फोन नंबर लिहून घ्या. नव्या डॉक्टरांना याचा फार मोठा उपयोग होतो.

५. घरी आल्यावर जखम लाल झाली, पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, तर घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. आधी सर्जनना दाखवा, म्हणजे नमुना घेता येईल.

६. जुना रिपोर्ट दाखवून मेडिकलमधून औषध आणू नका. तो रिपोर्ट त्या वेळच्या जंतूचा असतो, आजच्या तापाचा नव्हे.

७. रुग्णाला भेटायला जाताना आणि निघताना हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा. खाटेवर बसू नका, नळ्या-पिशव्यांना हात लावू नका.

संसर्गाशी लढताना शत्रू कोण हे कळणे ही अर्धी लढाई असते. ते कळण्याची सर्वांत चांगली वेळ पहिल्या डोसच्या आधीची असते, आणि ती एकदाच मिळते. पुढच्या वेळी कल्चरची चिठ्ठी हातात आली तर ती बाजूला ठेवू नका. आणि चिठ्ठी आलीच नाही, तर विनयाने, पण नक्की विचारा.